पोस्टाचं आरडी खातं, अमळनेर: पाच वर्षं पूर्ण झाल्यावर

जुलै 2020 मध्ये पोस्टात पाच वर्षांचं आरडी खातं, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, उघडलं. मास्क शिवून चार पैसे हातात आले होते आणि मला ओव्हरलॉक मशीन घ्यायचं होतं. दुकानदार हप्त्यावर द्यायला तयार होता. पण लग्नसराईच बसली होती, हप्ते फेडायचे कशातून? सासूबाई म्हणाल्या, "इतला दिन पैसा अडकाडीसन काय करशी वं?" तरी महिना हजाराचं खातं काढलंच.

आधी हिशेब. तेव्हा व्याज 5.8 टक्के, तिमाही चक्रवाढीने. 60 हप्त्यांत 60,000 भरले, मुदतीला 69,700 च्या आसपास मिळाले. नुसतं व्याज पाहिलं तर फार नाही. शिवाय उघडताना जो दर असतो तोच शेवटपर्यंत राहतो. ऑक्टोबर 2023 पासून नव्या खात्यांना 6.7 टक्के मिळू लागले, माझे 5.8 च राहिले. एक तारा त्यासाठी कमी.

चार तारे मात्र मनापासून, आणि त्यातला मोठा वाटा अस्लास कार्डाचा. एजंट मावशी दर महिन्याला घरी येतात, पैसे घेतात, कार्डावर रक्कम आणि तारीख लिहून सही करतात. ते कार्ड मी मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीखाली ठेवायचे. गिऱ्हाईक कमी असलं की हजार बाजूला काढणं जिवावर यायचं. हप्ता चुकला तर दंड शंभराला एक रुपया, म्हणजे काहीच नाही. पण कार्डावरची ओळ कोरी राहिलेली मला बघवायची नाही. त्या ओळीपायी फॉल-पिकोची कामं धरली, रात्री बसून आरीकाम शिकले. मशीन घरात आलं तेव्हा त्याला पुरेल एवढं काम माझ्याकडे होतं. पहिल्याच वर्षी हप्त्यावर आणलं असतं तर ते झाकून ठेवावं लागलं असतं.

धीर धरणारी मुलं पुढे जातात, हे मार्शमॅलोच्या प्रयोगावरून सगळे सांगतात: मुलासमोर एक गोड मार्शमॅलो ठेवायचं, न खाता थांबलं तर दुसरं मिळतं. माझी लेक धुळ्याला मानसशास्त्र शिकते, तिने त्याची दुसरी बाजू सांगितली. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातला 2013 चा प्रयोग आहे. ज्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला, त्याच्या भरवशावर मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्याने शब्द मोडला, त्याच्यासाठी जेमतेम 3. मला हे लगेच पटलं. आमच्या गल्लीत एक भिशी बुडाली, काहींच्या ठेवी पतसंस्थेत अडकल्या. त्या घरातल्या बायकांना "जरा दम धर" म्हणणं हा अन्याय आहे. दम धरावा अशी जागा आधी मिळायला हवी. पोस्टाच्या बचतीला केंद्र सरकारची हमी आहे, म्हणून मी ते खातं सांगते.

घेणाऱ्यांसाठी: किमान हप्ता 100 रुपये. तीन वर्षांआधी खातं मोडता येत नाही, नंतर मोडलं तर बचत खात्याच्या दराने व्याज मिळतं. 12 हप्ते नियमित भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. दवाखान्यासाठी लागतील ते पैसे यात घालू नका, ते वेगळे ठेवा. दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावाने खातं उघडू शकतं. धाकट्याचं मी याच महिन्यात काढलं, त्याला सायकल हवी आहे.