लेकीसाठी छोटा मजबूत लॅपटॉप घ्यायला गेले आणि कुलूपबंद खोकं घेऊन आले

मे महिन्यात झालेलं हे सगळं, अजून पूर्ण मिटलेलं नाही, पण परवा आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी विचारलं की मुलासाठी छोटा लॅपटॉप घ्यायचाय, तुम्ही कुठून घेतला होता, तेव्हा ठरवलं की आता सगळं नीट लिहूनच काढते, म्हणजे जे माझ्या बाबतीत झालं ते निदान दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होणार नाही.

आम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो. लेक सहावीत आहे. सासर पुण्याचं, म्हणजे वर्षातून तीन-चार वेळा तरी इंदूर-पुणे होतंच, कधी ट्रेन कधी स्लीपर बस, आणि माझं घरून अकाउंटचं थोडं काम असतं ते प्रवासातही करावं लागतं. आधीचा मोठा 15 इंची लॅपटॉप अशाच एका बसच्या प्रवासात गेला, वरच्या बर्थवरून बॅग पडली, बिजागरी तुटली आणि स्क्रीन फाटल्यासारखी झाली. दुरुस्तीचा खर्च ऐकून ह्यांनी सांगितलं की आता छोटा घे, मजबूत घे, पोरीच्या हातात देता येईल असा, आणि पंधरा हजारांच्या वर जाऊ नकोस.

मजबूत छोटा लॅपटॉप ही गोष्ट मला नवीन नव्हती. माझा दादा 2007 पासून त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपबद्दल सांगायचा, तो मुलांसाठीच बनवलेला एक्सओ, ज्याला सशाच्या कानासारखे दोन अँटेना होते आणि उन्हात बसूनही स्क्रीन वाचता यायची. आपल्या कर्जतजवळच्या खैरात गावच्या छोट्या शाळेत त्याचा प्रयोग झाला होता. तो इथे बाजारात कधी मिळाला नाही, पण मुलांचा लॅपटॉप असाच असावा हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं. आता त्या जातीचे म्हणजे शाळांसाठीचे 11.6 इंची लॅपटॉप येतात, ज्यांच्या कडेला रबराची पट्टी असते, कीबोर्डवर थोडं पाणी सांडलं तर खालून निघून जातं, आणि बाकाच्या उंचीवरून म्हणजे साधारण 76 सेंटीमीटरवरून पडले तरी टिकतील असं कंपन्या सांगतात. अमेरिकेतल्या शाळा हे हजारोंनी घेतात आणि काही वर्षांनी एकदम काढून टाकतात, तेच मग भंगारवाले आणि रिफर्बिश्डवाले (जुना माल ठीकठाक करून विकणारे) करत करत आपल्याकडे येतात. ह्यात वाईट काहीच नाही, चांगला माल मिळूही शकतो. माझ्या बाबतीत मिळाला नाही.

दुकानाचं नाव मी लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, गावाच्या मध्यात एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर आहे एवढंच सांगते. शनिवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन आम्ही मायलेकी गेलो. काउंटरवरचा मुलगा फारच गोड बोलणारा, दीदी दीदी करून त्याने चार लॅपटॉप काढले आणि त्यातला एक काळा, गोल कोपऱ्यांचा, माझ्या डोळ्यांसमोर काउंटरवरून खाली सोडला. खाली रबरी मॅट होती हे मला नंतर आठवलं. उचलून पुसला, उघडला, चालू. म्हणाला, "देखो दीदी, मिलिटरी ग्रेड है, अमेरिका के स्कूल का माल है, आपकी बिटिया पाँच साल चलाएगी." लेक तर खूशच झाली.

इथे एक गोष्ट सांगते जी मला भाच्याकडून नंतर कळली. मिलिटरी ग्रेड म्हणून जे लिहितात ते मिल-एसटीडी-810 नावाचं अमेरिकन सैन्याचं चाचण्यांचं पुस्तक आहे, त्यात पडण्याच्या, धुळीच्या, गरमी-थंडीच्या वेगवेगळ्या चाचण्या आहेत, पण कुठलं सरकारी खातं लॅपटॉप तपासून तसा शिक्का मारत नाही, कंपनी स्वतःच ठरवते की त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या. आणि त्या चाचण्या होतात नव्या कोऱ्या मालावर. पाच वर्षं पोरांनी दप्तरातून आपटत नेलेल्या लॅपटॉपला तो शब्द लागू पडतो का, तुम्हीच बघा.

तर तो क्रोमबुक होता, म्हणजे विंडोज नाही, गूगलचं क्रोमओएस. मला चालणार होतं कारण माझं काम ब्राउझरमध्येच असतं आणि लेकीची शाळाही सगळं गूगलवरच देते. वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि टाइप-सी चार्जर, म्हणजे प्रवासात मोबाइलला आणि त्याला एकच चार्जर, हे तर मला फारच आवडलं. त्याने इंटरनेट चालू करून व्हिडिओ दाखवला, लेकीने टाइप करून बघितलं, सगळं झकास. मी म्हटलं माझं जीमेल टाकून बघते, तर म्हणाला, "अभी नेट स्लो है दीदी, घर पे आराम से डालना, एक मिनट का काम है." मी ऐकलं. तिथेच माझी चूक झाली. मला जे दाखवलं ते गेस्ट मोडमध्ये होतं, म्हणजे पाहुणा म्हणून दार उघडून ओसरीवर बसवलं, घराची किल्ली त्याच्याकडेही नव्हती.

11,500 सांगितले, 9,800 ला ठरलं. यूपीआय केलं तर स्क्रीनवर दुकानाचं नाव नाही, कुण्या दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला पार्टनर आहेत. बिल मागितलं तर एका पॅडच्या कागदावर पेनाने "लॅपटॉप 1 नग, टेस्टिंग वॉरंटी 7 दिन" असं लिहून दिलं, ना जीएसटी नंबर ना सिरियल नंबर. पक्कं बिल हवं तर 18 टक्के वरून लागतील म्हणाला. मी म्हटलं राहू दे. हेही करू नका, त्या पैशापेक्षा तो कागद महाग असतो.

रात्री जेवणं झाल्यावर मी माझं जीमेल टाकायला बसले. टाकलं, पासवर्ड टाकला, आणि मेसेज आला की ह्या खात्याला इथे परवानगी नाही, अॅडमिनिस्ट्रेटरशी बोला. लेकीचं टाकलं, तेच. मग नीट बघितलं तर स्क्रीनच्या खाली अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हा डिव्हाइस अमुक अमुकच्या ताब्यात आहे, आणि पुढे शाळेचं डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, शेवटी के-ट्वेल्व्ह आणि डॉट यूएस, म्हणजे अमेरिकेतली शाळा. दुकानात त्या जागी त्या मुलाचा अंगठा होता. मला आता स्पष्ट आठवतंय, लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून तो माझ्यापुढे करत होता आणि डावा अंगठा बरोबर त्या ओळीवर.

फोन केला तर म्हणाला, "रिसेट मार लो दीदी, कंट्रोल ऑल्ट शिफ्ट आर, हो जाएगा." मी केलं. रिसेट झालं, वायफाय जोडलं, आणि आता तर शाळेचं खातं टाकल्याशिवाय पुढेच जाईना, गेस्टही गेलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर तोच मुलगा, पण आवाज वेगळा. म्हणे, "ये तो आपने बिगाड़ दिया, हमने तो चालू दिया था." आणि मग, पंधराशे लागतील, अनलॉक करून देतो.

मी खरंच पर्समध्ये हात घातला होता. तेवढ्यात भाच्याचा फोन आला, तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, मी आदल्या रात्री त्याला फोटो पाठवले होते. तो म्हणाला, "मावशी, एक पैसा देऊ नकोस, आणि तिथेच उभी राहून ऐक." त्याने समजावलं ते असं की शाळेने असा लॅपटॉप आपल्या यादीत घातला की त्याची नोंद सिरियल नंबरसकट गूगलच्या सर्व्हरवर राहते, लॅपटॉप कितीदाही पुसा, इंटरनेटला जोडला की तो सर्व्हरला विचारतो मी कुणाचा, आणि उत्तर येतं शाळेचा. हे कुलूप काढायचा अधिकार फक्त शाळेच्या अॅडमिनला. दुकानदार फार तर काही जुगाड करून देईल आणि पुढच्या अपडेटला किंवा रिसेटला तुम्ही परत तिथेच. आणि अजून एक, क्रोमबुकला अपडेट मिळण्याची शेवटची तारीख असते, मॉडेलचं नाव टाकून शोधलं की गूगलच्या यादीत सापडते. 2021 पासूनच्या मॉडेलना दहा वर्षं मिळतात, आधीच्यांना काहींना बरंच कमी. माझ्या मॉडेलची तारीख केव्हाच उलटून गेलेली होती. म्हणजे कुलूप नसतं तरी तो माल पाच वर्षं काय चालणार होता.

मी पैसे परत मागितले तर मालक आला आणि म्हणाला पैसे परत होत नाहीत, बदलून देतो. तेवढ्याच आकाराचा विंडोजवाला काढला, झाकणाखाली आय-फाइव्हचं म्हणजे वेगवान प्रोसेसरचं चकचकीत स्टिकर, सेटिंगमध्ये पण आय-फाइव्ह लिहिलेलं, वर दोन हजार द्या. भाचा व्हिडिओ कॉलवरच होता. म्हणाला, रीस्टार्ट कर आणि एफ-टू दाबत राहा, बायोस उघडू दे, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीची मशीनची स्वतःची माहितीची स्क्रीन. मालक म्हणाला त्याची काय गरज आहे मॅडम, पण मी दाबलं. निळसर स्क्रीन आली आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं, सेलेरॉन म्हणजे स्वस्तातला हळू प्रोसेसर, 4 जीबी. विंडोजच्या आत प्रोसेसरचं दिसणारं नाव बदलता येतं, हे मला माहीतच नव्हतं, स्टिकर तर बाजारात पानापानाने मिळतात. माझ्यामागे एक काका आपल्या नातवासाठी तसाच घ्यायला उभे होते, ते काही न बोलता जिना उतरून गेले. तेवढं मात्र बरं झालं. आणि त्यात विंडोज 10 होतं, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केला, आणि असल्या बऱ्याच जुन्या छोट्या मशीनला 11 चालत नाही. मुलांच्या हातात देताना हेही बघायलाच हवं.

घरी आल्यावर रागाने मी लॅपटॉप उलटा केला. खाली दुकानाचं मोठं हिरवं "क्वालिटी चेक्ड" स्टिकर होतं, त्याखाली काहीतरी उंचवटा लागत होता. हेअर ड्रायरने गरम करून सोललं तर खाली शाळेची बारकोडची पट्टी, आणि तिच्या शेजारी कुणा पोराने कर्कटकाने कोरलेली मांजर, मिशांसकट. लेक बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हा कुणाचातरी हरवलेला आहे का गं?" मला उत्तर देता येईना. नऊ हजार आठशे गेले ह्याच्यापेक्षा ते जास्त लागलं, खरं सांगते.

म्हणून मी त्या शाळेला ईमेल केलं, सिरियल नंबर आणि फोटो टाकून. चौथ्या दिवशी उत्तर आलं, सभ्य उत्तर होतं. लॅपटॉप चोरीचा नव्हता, त्यांनी जुना लॉट एका रिसायकलरला दिला होता आणि यादीतून काढायचा राहिला असावा, पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ते काढू शकत नाहीत, रिसायकलरकडून विनंती यायला हवी. लेकीला तेवढं वाचून दाखवलं. तिला बरं वाटलं.

पैशाचं असं झालं की 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण दुकानदाराने उत्तरच दिलं नाही. मग ओळखीच्या एका वकिलांनी मजकूर सांगितला, मी एका पानाची नोटीस लिहिली, सोबत यूपीआयचा स्क्रीनशॉट, त्या कच्च्या कागदाचा फोटो, बायोसचा फोटो, आणि दुकानदाराचे "रिसेट मार लो" वाले व्हॉट्सअॅप मेसेज, आणि स्पीड पोस्टने पाठवली. त्यात लिहिलं की पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, ऑनलाइन दाखल होते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. नोटीस पोहोचल्यावर आठवड्यात मालकाचा स्वतः फोन आला, दोन हप्त्यांत सात हजार आले. उरलेले 2,800 लॅपटॉप परत दिल्यावर देतो म्हणतो, मी म्हणते आधी पैसे मग लॅपटॉप, तिथे अडलंय. कच्च्या कागदावर सिरियल नंबर असता तर एवढं अडलंही नसतं असं वकील म्हणाले.

त्या वहिनींना मी रविवारी स्वतः घेऊन जाणार आहे, दुसऱ्या दुकानात. आमचं ठरलंय, तिथे उभं राहून आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आधी रिसेट करायला लावायचं, मग आपलं खातं टाकायचं, ते उघडून बंद करून परत उघडलं तरच पुढचं बोलायचं. विंडोजवाला असेल तर बायोस. आणि उलटा करून स्टिकरवरून नख फिरवायचं, खाली काही लागलं तर सोलून दाखवा म्हणायचं.