फ्रिजचा गॅस 'संपला' आणि माझे ६,८५० रुपये गेले

उद्यमनगरात २२ वर्षं लेथ चालवतोय. वीस मायक्रोन इकडंतिकडं झाले तर जॉब परत येतो. तरी घरच्या फ्रिजपायी ६,८५० रुपयांची टोपी घालून घेतली. लाज वाटते, पण लिहितो.

एप्रिलचा उकाडा. खालच्या कप्प्यात दूध नासायला लागलं, वर फ्रीझरच्या मागच्या भिंतीला मात्र बोटभर बर्फ. आईचं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये, ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. म्हणून घाई केली. नेटवर कंपनीचं नाव टाकून जो पहिला नंबर आला तो लावला. हसू नका, पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

तो आला, फ्रिजच्या बाजूला हात लावला. म्हणाला, "चटका बसतोय बघा. गॅस संपला की असंच तापतं."

इथंच त्याला दार दाखवायला हवं होतं! फ्रिज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे फ्रीझरमागच्या नळ्यांत, गॅस उकळतो तेव्हा उष्णता शोषतो, कंडेन्सरमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळ्यांत, परत पातळ होताना तीच सोडतो. आमचा कंडेन्सर बाजूच्या पत्र्याआडच आहे. म्हणजे बाजू तापतेय याचा अर्थ गॅस आहे आणि फिरतोय. बायको मागून म्हणालीसुद्धा, "अहो, वर बर्फ जमतोय की!" मी तिलाच गप्प केलं.

मग म्हणे, "पाऊण टनाची मशीन, दोन किलो गॅस लागणार." इथं टन हे वजन नव्हेच. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढायची ताकद, एसीला लावतात तो हिशेब. आमचा कॉम्प्रेसर जेमतेम सव्वाशे वॅट खातो. आणि मागच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन स्वच्छ छापलंय : आर-६००ए, ५२ ग्रॅम. ग्रॅम! दिवसभर मायक्रोमीटर वाचणाऱ्यानं ती पट्टी वाचली नाही.

व्हिजिट ३५०, गॅस २,४०० प्रमाणे दोन किलोचे ४,८००, 'सर्किट' १,७००. फ्रिजमागं वाकून फुस्स आवाज काढला आणि गेला.

चार दिवसांत परत तेच. शेवटी शेजारच्या शेडवाल्याच्या ओळखीचा मेकॅनिक आला. डीफ्रॉस्ट हीटर, म्हणजे साचलेला बर्फ वितळवणारा, जळलेला. बर्फानं वाट बुजली, पंख्याची हवा खाली उतरेना. पार्टसकट १,१५० रुपये. गॅस भरायच्या नळीचा कंपनीचा झाळ जसाच्या तसा होता. एक ग्रॅमही भरला नव्हता त्या भामट्यानं. तेही बरंच म्हणायचं, आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद, पेटतो.

गॅस बंद नळ्यांत फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. आधी ती दाखवा म्हणा. व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा न आणता गॅस भरायला आलेल्याला चहासुद्धा विचारू नका.

चौकीत गेलो. "काका, बिल आहे का?" नाही. "मग हा दिवाणी मामला." पैसे ऑनलाइन दिले म्हटल्यावर सायबरकडं धाडलं. तिथले म्हणाले, तुम्ही स्वतःच्या हातानं दिलेत, हे आमच्यात बसत नाही, चौकीत जा. परत चौकी. साहेब बंदोबस्ताला. दोन दिवस शेड बंद, तो खाडा कुणी भरून द्यायचा? हेल्पलाइनवर तक्रार घातली, नवव्या दिवशी मेसेज आला : सेवा देणाऱ्याशी संपर्क साधा. अरे, त्याचा फोन लागला असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण कागद लागतो. माझ्याकडं फक्त पेमेंटचा स्क्रीनशॉट, तोही कुणा बाईच्या नावाचा.