आधार कशाचा: हापूसच्या कलमांचा की नामाचा?

देवगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात घराची भिस्त कलमांवर असते. त्यात वावगं काही नाही, पण त्या आधाराचा स्वभाव ओळखून असावं. हापूस मुळात वर्षाआड भरघोस धरतो. डिसेंबर-जानेवारीत मोहर डोळे भरून दिसतो, मग मळभ येतं, तुडतुडा पडतो, अवकाळी पावसाने मोहर करपतो. फवारणीचे पैसे मात्र आधीच गेलेले. कल्टार हे वाढ रोखणारं औषध घालून झाडाला दरवर्षी धरायला लावता येतं. मनाची धाकधूक तेवढ्याने जात नाही.

नामाला हंगाम नाही. तुळशीची माळ मधल्या बोटावर घ्यावी, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढावा, तर्जनी लावू नये. 108 मणी झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, ओलांडायचा नाही, तिथूनच माळ उलटी फिरवायची. दोन सेकंदांना एक नाम धरलं तर माळ चार मिनिटांच्या आत होते. दिवेलागणीला तीन माळा पुरे. पहिल्याच दिवशी अकरा ओढणाऱ्याची माळ आठवड्यात खुंटीला लागते!

जपात वाशीच्या बाजारातला आंब्याचा भाव आठवतो. आठवू द्यावा, पुढच्या मण्यावर परत यावं. खरी गडबड देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्यात होते: ‘एवढ्या पेट्या भरू देत, मग तुला नारळ.’ हा बागेचाच हिशेब, फक्त देवळात मांडलेला. शरण जाणाऱ्याने फवारणी चुकवायची नसते, फक्त पेट्यांची अट घालायची नसते. जुना नवस राहिला असेल तर तो आधी फेडावा. नवीन बोलू नये.