ओसेलारिस आणि क्लार्की एकाच टाकीत: १४ महिन्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकतो. ४ फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन जातींचे क्लाउनफिश (समुद्रातले छोटे रंगीत मासे) एकत्र राहतात का? माझ्याकडे ६ महिने राहिले. त्यातले पहिले ३ मजेत गेले, पुढच्या तिनात माझी झोप उडाली. आता टाकीत फक्त ओसेलारिसची जोडी आहे आणि सगळं शांत आहे.

टाकी ४ × १.५ × १.५ फुटांची. हिशेबाने २५० लिटरच्या वर, पण दगड-वाळू वजा जाता पाणी २२० लिटरच धरा. गेल्या वर्षी दसऱ्याला भरली. घर मालवणात, समुद्र पायी पाच मिनिटांवर, त्यामुळे येणारा प्रत्येक जण विचारतो की समुद्र दारात असताना मिठाच्या बादल्या विकत कशाला आणतोस? आणलं होतं की समुद्राचं पाणी! ओळखीच्या होडीवाल्याने बाहेरून कॅन भरून दिले, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) १.०२५ दिसलं, मी खूश. जुलैत तेच करायला गेलो तर १.०१७, आणि रंग चहासारखा. पावसात नद्या-ओहोळ सगळं गोडं पाणी आणि गाळ किनाऱ्याला आणून ओततात. तेव्हापासून आरओचं पाणी आणि पाकिटातलं मीठ. दगडही कोरडे, विकत घेतलेले. किनाऱ्यावर प्रवाळाचा तुकडा दिसला तरी उचलू नका, वन्यजीव कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणात आहेत. शिवाय इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, उगाच भानगड नको.

आईचं मत पहिल्या दिवसापासून ठाम आहे: "खावचे नाय तर माशे पाळतस कित्याक?"

दीड महिना टाकी रिकामी चालवली. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा सोडला नाही. नोव्हेंबरअखेर दोन छोटे ओसेलारिस आणले, हॅचरीत (मासे पैदास केंद्रात) वाढलेले. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. त्यातला दांडगा असतो तो मादी होतो, आणि मादी गेली की तिचा नर तिची जागा घेतो. म्हणून दोन पिल्लं घेताना एक मोठं, एक लहान निवडावं. माझ्याकडे महिनाभरात कोण मालकीण ते ठरलं. धाकटा तिच्यासमोर आडवा होऊन अंग थरथरवायचा. मला वाटलं आजारी पडला. तो नुसता मुजरा होता.

समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, समुद्रात क्लाउनफिश ज्यात राहतात तो फुलासारखा प्राणी) ठेवलं नाही. त्याला प्रखर लाइट आणि जुनी, मुरलेली टाकी लागते, आणि क्लाउनफिशचं त्याच्यावाचून काही अडत नाही. माझ्या जोडीने डाव्या कोपऱ्यातली तुळशीची जुनी मातीची कुंडी घर म्हणून धरली.

मार्चमध्ये क्लार्की आणला. काळपट अंग, पिवळं तोंड, जेमतेम दोन इंच. वाचलं होतं की समुद्रात काही ठिकाणी क्लार्की आणि पिंक स्कंक ही दुसरी क्लाउनफिशची जात एकाच फुलात राहतात, पापुआ न्यू गिनीकडे तर दोन-दोन जाती एकत्र सर्रास सापडतात. म्हटलं, तिकडे जमतं तर माझ्याकडे का नाही? त्याला आठवडाभर भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात टाकीतच लटकवला, सोडायच्या दिवशी दगडांची मांडणी बदलली, म्हणजे जुन्यांनाही जागा नवीन वाटावी. एवढं केल्यामुळे पहिले तीन महिने निभावले असं माझं मत. तो उजवीकडे वेव्हमेकरखाली (पाण्यात प्रवाह आणणारा पंप), हे दोघं डावीकडे कुंडीत.

मधल्या काळात एप्रिल-मेने घाम काढला. पाणी ३१ वर गेलं. पंखा लावला, पण आपल्याकडच्या दमट हवेत पंख्याने कितीसं थंड होणार? पाणी मात्र रोज तीन-चार लिटर उडायचं. इथे मी गाढवपणा केला. उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी भरत राहिलो. मीठ काही वाफेबरोबर जात नाही, आठवड्यात रीडिंग १.०२९! भरायचं ते साधं आरओचं पाणी. शेवटी चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घेतला. विजेचं बिल हजार-बाराशेनी वाढलं, पण पारा २६ वर टेकला.

जूनपासून क्लार्की वाढायला लागला. या जातीचा मासा १५ सेंटिमीटरपर्यंत जातो, ओसेलारिस त्याच्या पुढे बारकाच राहतो. खायला तिघांनाही तेच, धुतलेला ताजा जवळा किंवा बारीक चिरलेली कोळंबी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा फ्रीजरमधली. ती टाकली की क्लार्की आधी कुंडीवर जायचा, दोघांना आत कोंडायचा आणि मग निवांत खायचा. रात्री हॉलमध्ये टीव्ही बंद केला की टाकीतून टक्-टक् ऐकू यायचं. आधी वाटलं वेव्हमेकरमध्ये शंख अडकला. क्लार्की दातांवर दात आपटून आवाज काढतो, ती त्याची धमकी असते. ऑगस्टमध्ये धाकट्याची शेपटी अर्धी फाटली आणि तो हीटरच्या मागे उभा राहायला लागला, सरळ उभा, तोंड वर. मालकीणही कुंडीतून फारशी बाहेर पडेना.

दोष क्लार्कीचा नाही. समुद्रात हरलेला पळून दुसरं फूल गाठतो, चार फुटांच्या काचेत तो हीटरच्या मागेच जाणार. ६ फुटी टाकी असती, दोन टोकांना दोन घरं असती आणि तिघं एकाच दिवशी बारीक असताना सोडले असते, तर कदाचित गोष्ट वेगळी असती. मरून या क्लाउनफिशच्या जातीचा विचार तर करूच नका, तो क्लार्कीपेक्षाही खुनशी. टोमॅटो जातीचा क्लाउनफिशही मी जुलैत एक आणला होता, हौस फिटत नव्हती म्हणून. समुद्रातून पकडलेला निघाला. दुसऱ्या दिवशी अंगावर पांढरी साय, जोरात श्वास, चौथ्या दिवशी गेला. ब्रूकलिनेला या परजीवीच्या रोगाची लक्षणं. नशीब, वेगळ्या टबात ठेवला होता म्हणून बाकीचे वाचले. विकणाऱ्याने "हॅचरीचा आहे" असं छातीठोक सांगितलं होतं. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्र सरकारची सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय, हॅचरीचा मासा मिळू शकतो, मग चार प्रश्न जास्त विचारायला काय हरकत?

गणपतीला घर भरलं, पोरं काचेवर बोटं आपटायची, तेव्हाच ठरवलं की क्लार्कीला काढायचा. जाळी घेऊन तास गेला, तो दगडात. मग पाण्याची एक लिटरची बाटली घेतली, गळ्याकडचा भाग कापून उलटा आत खोचला, आत कोळंबीचा तुकडा ठेवून बाटली आडवी केली. दहा मिनिटांत साहेब आत! आगाऊपणा इथे उपयोगी पडला. कुडाळच्या मित्राकडे ३ फुटी टाकीत आता तो एकटा राज्य करतोय.

इकडे धाकट्याची शेपटी महिनाभरात भरून आली. नोव्हेंबरमध्ये कुंडीच्या आतल्या अंगाला केशरी अंडी, भगरीच्या दाण्याएवढी, शे-दीडशे तरी असतील. नर दिवसभर परांनी वारा घालत होता. सहाव्या दिवशी अंड्यांत चंदेरी डोळे दिसले, आठव्या रात्री अंधारात फुटली, सकाळी एकही पिल्लू नाही. फिल्टरने ओढली की यांनीच खाल्ली, देव जाणे. पिल्लांना पहिले दिवस रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव) खायला लागतात, माझी तयारी शून्य.

आता त्या रोटिफरसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीत हिरव्या पाण्याच्या चार बाटल्या आहेत. आईने कपाळाला हात लावलाय. सोमवारी तिसऱ्यांदा अंडी घातली आहेत, म्हणजे येत्या मंगळवारी रात्री फुटतील. तेवढी लाइट गेली नाही म्हणजे मिळवली.