एकट्याचा दौरा: खरा तानपुरा की इलेक्ट्रॉनिक?

गायक एकटाच दौऱ्यावर निघाला की पहिला प्रश्न तानपुऱ्याचा. मिरजेचा पुरुषी तानपुरा, म्हणजे पुरुष गायकांच्या खालच्या सुरासाठीचा मोठा तानपुरा, रेल्वेच्या बाकाखाली मावत नाही. वरच्या बर्थवर त्याला झोपवायचं आणि आपण रात्र बसून काढायची. कुणाची ट्रंक आदळली की भोपळ्याला तडा गेलाच समजा. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण टीसीला त्याचं काय!

इलेक्ट्रॉनिक तानपुरा कपड्यांच्या बॅगेत जातो. गायकाची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला तो सा धरतो ती, पांढरी पाच असो की काळी एक, बटण फिरवलं की काम झालं. कोकणातल्या दमट मांडवातही त्याचा सूर सहसा उतरत नाही. शिवाय खरा तानपुरा छेडायला मागे कुणीतरी बसावं लागतं, म्हणजे आणखी एक तिकीट, आणखी एक ताट. एकट्याला हाच मुद्दा सगळ्यात जड.

पण जवारीचं, म्हणजे तारेच्या त्या भरलेल्या गुंजनाचं काय? घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती धागा केसभर सरकवत राहायचं. एका जागी तार एकदम खुलते आणि खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून, गंधार (ग) आपोआप ऐकू येतो. यंत्रात तेच ते आवर्तन फिरत राहतं, आणि गावच्या कर्ण्यातून तर नुसती घरघर.

माझं मत विचाराल तर सलग छोट्या गावांच्या दौऱ्याला यंत्रच न्यावं. मोठ्या मैफलीसाठी मात्र आयोजकांना आधीच फोन करून तानपुरा मागवावा. पट्टीही सांगून ठेवावी, कारण बायकांच्या उंच सुरासाठीचा बायकी तानपुरा काळी एकपर्यंत उतरवला तर तारा लोंबतात. धागा मात्र आपलाच न्यावा.