जुनी कोलनागो: रंग उडालेली ओरिजिनल की चकाचक रिपेंट?
इटलीची ऐंशीच्या दशकातली स्टीलची कोलनागो रेसिंग सायकल शोधायला लागलं की दोनच प्रकार समोर येतात, एक घासलेली पण ओरिजिनल रंगाची आणि दुसरी नव्याने रंगवलेली. मी तर पहिलीच घेईन. कारण पुढून धडक बसली असेल तर हेड ट्यूबच्या (हँडलखालची उभी नळी) जरा मागे, डाऊन ट्यूबच्या (तिथून पेडलकडे उतरणारी तिरकी नळी) खालच्या अंगाला बारीक फुगवटा येतो, बोट फिरवलं की लागतो, जुन्या रंगाला तिथेच तडे दिसतात, पण रिपेंटमध्ये वर पुट्टी मारली असली तर बसा शोधत! आणि कोलंबसचा (फ्रेमच्या नळ्या बनवणारी इटालियन कंपनी) स्टिकर काय, कोणीही चिकटवतं. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून त्याचा व्यास मोजा, कोलंबस एसएल नळ्यांच्या फ्रेमला बहुतेक 27.2 मिमीचा लागतो, 26 च्या आसपास निघाला तर शंका घ्या आणि भाव पाडा.

रिपेंटचा फायदा एकच, सीटपोस्ट सहसा मोकळा असतो (रंगवताना काढावा लागतोच ना), ओरिजिनलमध्ये तो वर्षानुवर्षं जाम होऊन बसलेला, काढताना घाम फुटतो. इटलीत तोस्कानातल्या एरोइका या जुन्या सायकलींच्या राइडला न्यायची असेल तर दोन्ही चालतील, तिथे सायकल 1987 च्या आधीची, गियरचे लिव्हर डाऊन ट्यूबवर, पेडलला टो क्लिप (बूट अडकवायचा पिंजरा), असलं सगळं बघतात.