दोन लाइन, तीन ऑफिसं आणि एक अख्खा पावसाळा: मायक्रोटिकच्या राउटरचा अनुभव

आमचं मेन ऑफिस अंबडला, ब्रांच सिन्नर आणि पिंपळगावला. टॅलीचा सर्व्हर अंबडलाच, त्यामुळे नेट गेलं की ब्रांचमधलं बिलिंग ठप्प आणि माल भरलेली गाडी गेटवर उभी. म्हणून उन्हाळ्यात तिन्हीकडे मायक्रोटिक बसवले, प्रत्येकी इंटरनेटच्या दोन लाइन आणि वर वायरगार्डचे टनेल, म्हणजे ब्रांचला अंबडशी जोडणारे खासगी, सुरक्षित मार्ग. पावसाळा निघाला, दिवाळीची गर्दीही निघाली, आता लिहितो.

दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतली म्हणजे बॅकअप झाला असं अजिबात नाही हो! सिन्नरला दोन्ही फायबर एकाच खांबावरून येणार होते, म्हणजे जेसीबीचा एक फटका आणि दोन्ही साफ, म्हणून तिथे दुसरी लाइन ४जी सिमची घेतली. सर्व्हेला माणूस येतो ना, त्याच्यासोबत खांबापर्यंत चालत जा आणि केबल कुठून येते ते स्वतः बघा.

दुसरं म्हणजे लाइन मरते तेव्हा बऱ्याचदा फायबरच्या डब्यावरचे दिवे हिरवेच असतात, गेटवे (नेट कंपनीचं आपल्याला लागणारं पहिलं यंत्र) पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, उत्तर देतो, पुढे मात्र काहीच जात नाही. त्यामुळे तपासणी गेटवेची नको, बाहेरच्या पत्त्याची ठेवा, एका लाइनवरून ८.८.८.८ आणि दुसरीवरून १.१.१.१. राउटर दर १० सेकंदांनी पिंग करतो, दोनदा उत्तर नाही आलं की रूट बदलतो, म्हणजे दुसऱ्या लाइनवर जातो. ब्रांचवाले ज्यातून अंबडच्या सर्व्हरवर काम करतात तो रिमोट डेस्कटॉप तेवढा वेळ गोठतो आणि मग आपोआप जोडला जातो, बिल अर्धवट राहत नाही.

सिमवर सहसा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत नाही, म्हणून टनेल ब्रांचकडूनच उघडायचा, अंबडच्या दोन्ही लाइनला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्यायचा आणि कीपअलाइव्ह (टनेल जागा ठेवणारा छोटा संदेश) २५ सेकंद ठेवायचा, नाहीतर मधलं नॅट (अनेकांना एकाच पब्लिक आयपीवरून बाहेर नेणारी सोय) ते कनेक्शन विसरून जातं.

त्रास दिला तो आयपी फोनने, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनने. लाइन बदलली तरी फोनचं रजिस्ट्रेशन जुन्याच लाइनवर अडकून राहायचं, शेवटी रूट बदलला की राउटरमधल्या त्या जुन्या कनेक्शनच्या नोंदी पुसणारी छोटी स्क्रिप्ट टाकली तेव्हा सुटलं. लोड बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही लाइन एकाच वेळी वाटून वापरणं, मी मुद्दाम नाही केलं, मधेच आयपी बदलला की बँकेची साइट लॉगआउट करते.

विनबॉक्स, म्हणजे मायक्रोटिकचं सेटिंग करायचं सॉफ्टवेअर, नवख्याला जड जातं, सेटिंग जाणकाराकडूनच करून घ्या. आणि राउटरसोबत फायबरचा डबाही यूपीएसवर घ्या, पिंपळगावला लाइट गेली की यूपीएसचाच आधार असतो.